निजवून घेतलेलं माप

आमच्या घरात पुस्तकं कमी होती, पत्रकं फार. वडील चिखलीला शाळामास्तर. दारूबंदीचं, हुंड्याविरुद्धचं, सहकाराचं, कारभार मराठीत चालावा म्हणून काढलेलं, अशी सगळी पत्रकं आधी आमच्या ओसरीवर येत आणि मग गावात वाटली जात. गठ्ठ्याची सुतळी सोडणं आणि त्यातलं एक मोठ्याने वाचून दाखवणं हे माझं काम. अक्षरओळख मला त्यांतूनच झाली. त्यामुळे लोकांना एखादी गोष्ट कळत नसेल तर ती छापून त्यांच्या हातात द्यावी, एवढंच मला सुचतं. पुढे जी चूक सांगायची आहे ती इथूनच सुरू होते.

मुंबईला किरणोपचाराच्या भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करून मी बुलढाण्याला आलो, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. तिथे एका ट्रस्टने कॅन्सरच्या रुग्णांसाठी छोटं रुग्णालय काढलं होतं आणि दुसऱ्या एका रुग्णालयाने बदललेलं जुनं कोबाल्ट यंत्र मिळवलं होतं. शिशाच्या जाड गोळ्यात कोबाल्टचा किरणोत्सर्गी तुकडा, त्याखाली रुग्णाला निजवायचं टेबल, भोवती दोन-अडीच हात जाडीच्या काँक्रीटच्या भिंती. किरण कुठे आणि किती द्यायचे ते डॉक्टर ठरवत. त्यासाठी यंत्र किती अंतरावर ठेवायचं, चौकट केवढी उघडायची, किती सेकंद चालू ठेवायचं, हे गणित माझं. बटण दाबायचं कामही माझंच, कारण दुसरा माणूस नव्हता. कोबाल्ट महिन्याला शेकडा एकच्या आसपास क्षीण होतो. तेवढी सेकंदं मी दर महिन्याला वाढवत असे.

रुग्णांच्या लेखी मी डॉक्टर नव्हतो आणि कंपाउंडरही नव्हतो. टेप, फूटपट्टी आणि वही घेऊन फिरणारा माणूस म्हणून त्यांनी मला मोजणीवाले साहेब ठरवलं. मी भूमापन कचेरीतून इकडे बदलून आलो असा काहींचा समज होता. एका म्हाताऱ्याने तर टेबलावर पडल्या पडल्या सांगितलं, ‘‘साहेब, इथलं झालं का आमच्या वावराच्या धुऱ्याचंबी पाहून घ्या. भाऊबंदानं नांगराचे दोन तास आत सरकवला.’’

मोजायचं ते असं. किरण पडायच्या जागेभोवती सिस्टर जांभळ्या शाईने कातडीवर चौकट आखायच्या. उपचार पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. यंत्रातून उजेडाचा चौकोन खाली पडे, तो रोज त्या रेघांवर बसवायचा. रेघा हललेल्या चालत नाहीत आणि पुसलेल्याही चालत नाहीत. पण रेघा पुसल्या जात. घामाने जात, पोलकं घासून जात. एका माणसाने भाचीच्या लग्नाला जायचं म्हणून मानेवरच्या रेघा घासणीने धुऊन काढल्या आणि मंगळवारी येऊन विचारलं, ‘‘आता काय करू?’’

मी पत्रक लिहिलं. चार पानी, चिखलीच्या छापखान्यात छापलेलं. पहिल्या तीन पानांवर उपचार म्हणजे काय, रेघा कशा जपायच्या, काय लावायचं नाही. चौथ्या पानावर रुग्णाची स्वतःची मापं, मी हाताने भरलेली: गळ्याच्या खळगीपासून रेघ किती सेंटीमीटरवर, चौकट किती रुंद, किती उंच, रोज किती सेकंद.

डॉक्टर वयाने मोठे, बोलायला तिरकस. ते म्हणाले, ‘‘आकडे देऊन काय साधणार? तो काय तुमचं गणित तपासणार आहे?’’

‘‘तपासलं तर चांगलंच.’’

‘‘आणि समजलं नाही तर?’’

‘‘समजेल असं लिहिलंय. शरीर त्यांचं, आजार त्यांचा. मग आकडेच तेवढे आपल्या कपाटात का?’’

‘‘छापा बाबा. तुम्ही काही ऐकायचे नाही.’’

पहिल्या पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत मी एक ओळ टाकली होती: रेघ गेली की उपचार गेला. ती मला फार आवडली होती. लोक विसरणार नाहीत अशी ओळ पत्रकात एक तरी असावी, असं वडील म्हणत.

त्या हिवाळ्यात पिंपळगाव राजाहून एक बाई उपचाराला आल्या. वय चाळीसच्या आसपास. डावा स्तन शस्त्रक्रियेने काढलेला. आजार परत उलटू नये म्हणून त्या जागेवर, छातीपासून काखेच्या खालच्या टोकापर्यंत, किरण द्यायचे होते. नवरा शिंपी. दोघं रुग्णालयाच्या धर्मशाळेतल्या एका खोलीत राहायची. तो दिवसभर व्हरांड्यात बसून काज-बटणं करी आणि नवीन आलेल्यांना माझं पत्रक वाचून दाखवी. चौथं पान मिळालं तेव्हा त्याने ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, ‘‘दवाखान्यातनं माप लिहून देल्लं असं पहिल्यांदाच पाहून राह्यलो साहेब.’’

माझं एवढ्यानेही समाधान झालं होतं.

बायकांच्या उपचाराची आमची एक रीत होती. ती कुणी ठरवलेली नव्हती. सिस्टर आत बाईला निजवायच्या, हात डोक्यावर घ्यायला लावायच्या, लागेल तेवढीच जागा उघडी ठेवून बाकी चादर पांघरायच्या आणि उजेडाचा चौकोन रेघांवर बसवायच्या. तोवर मी दाराकडे तोंड करून उभा. ‘‘झालं सर,’’ असं ऐकू आलं की यंत्राचं अंतर वाचायचं, बाहेर येऊन दार लावायचं आणि बटण दाबायचं. बाईमाणसाच्या अंगावरच्या रेघा मी कधी पाहिल्या नाहीत. माझ्याकडे त्यांचे आकडे होते आणि आकडे मी दोनदा तपासत असे.

दुसरा आठवडा संपला त्या शनिवारी शिंप्याची आई गेल्याचा निरोप आला. दोघं तातडीने गावी गेली. सोमवारी सकाळी उपचाराला हजर. दर सोमवारी सिस्टर सगळ्यांच्या रेघा पुन्हा गडद करत. त्या दिवशी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘यांच्या रेघा तर कालच काढल्यासारख्या आहेत. घरी एवढं दुःख, तरी केवढ्या जपल्या.’’ मी बाहेर बसलेल्या चार-पाच रुग्णांसमोर त्या बाईंचं कौतुक केलं. सुतकातसुद्धा यांनी नियम पाळला, तुम्ही घरी बसून पाळत नाही, असं काहीतरी बोललो. बाई खाली पाहत होत्या. ते मी विनयाचं समजलो.

पुढच्या सोमवारी सिस्टर दारातून म्हणाल्या, ‘‘सर, जरा अडचण आहे.’’

‘‘काय?’’

‘‘काळं एकीकडे अन् रेघा एकीकडे.’’

किरणांनी दोन-तीन आठवड्यांत कातडी उन्हात रापावी तशी काळवंडते, आणि ती बरोबर चौकटीपुरतीच काळवंडते. सिस्टरचं म्हणणं असं की काळसर चौकोन खाली होता आणि जांभळी चौकट वर. चौकटीखाली रापलेल्या कातडीचा एक पट्टा उरला होता. मी दाराशी उभं राहूनच टेप आत दिली. त्यांनी आतून आकडे सांगितले. रेघा दोन बोटं वर सरकलेल्या होत्या. म्हणजे आधीचे पाच दिवस काखेखालच्या त्या पट्ट्याला काहीच मिळालं नव्हतं, आणि गाठ परत यायची भीती तिथेच जास्त होती.

बाई उठून बसल्या. सिस्टरनी दोनदा विचारलं तेव्हा सांगू लागल्या.

‘‘सासूले मसनात नेल्यावर समद्या बायका न्हाऊन राह्यल्या होत्या. मी म्हटलं, मले डाक्टरनं पानी घेऊ नको म्हनून सांगतलं. त थोरली जाऊ म्हने, एवढी सासू गेली अन् तू कोरडी राह्यशीन? अन् देल्ली बादली डोक्यावून ओतून. मी हात धरला वर, पदर दाबून धरला. काई राह्यलं नाई.’’

‘‘मग रेघा कुणी काढल्या?’’ मी विचारलं.

बाईंनी दाराकडे पाहिलं. शिंपी व्हरांड्यातून येऊन तिथे उभा होता.

‘‘म्या काढल्या,’’ तो म्हणाला. ‘‘कागदावर माप होतं. जांभळं औषध गावात भेटलं.’’

माझ्या मनात पहिली शंका आली ती इंचाची. त्याची टेप एका बाजूला इंचाची, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटरची.

‘‘कोणत्या बाजूने मोजलंत?’’

‘‘सेंटीमीटरनं. तेवढं समजते मले साहेब.’’ त्याला ते लागलं होतं. ‘‘खळगीपासून मोजलं, कागदात पाहून मोजलं. तीन डाव मोजलं. एक दोऱ्याचा फरक नाई.’’

‘‘त्या वेळी या कशा होत्या? झोपलेल्या?’’

‘‘माप घेताना कोनी झोपते का? उभी होती. हात खाली सोडून. जसं माप घेतेत तसं.’’

तेव्हा मला समजलं. आमची मापं रुग्णाला उताणं निजवून, हात डोक्यावर घेऊन घेतलेली. हात वर गेला की छातीची आणि काखेची कातडी वर ओढली जाते. उभ्याने, हात खाली असताना बरोबर जागी काढलेली रेघ टेबलावर गेली की दोन बोटं वर. हे मला माहीत होतं. माझ्या वहीत प्रत्येक मापासमोर ‘निजून, हात वर’ असं लिहिलेलं असे. पत्रकाच्या चौथ्या पानावर ते नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. वरच्या भागाला थोडं जास्त मिळालं त्याने फारसं बिघडणार नाही, असं ते म्हणाले. खालच्या पट्ट्याला चुकलेले पाच दिवस वेगळे द्यावे लागतील.

‘‘त्यांना सांगा, कोबाल्ट जरा कमी पडला म्हणून पाच दिवस जास्त.’’

‘‘कोबाल्ट कमी पडलेला नाही.’’

‘‘ते मला माहीत आहे. त्या शिंप्याने बायकोसाठी जे केलं ते चुकलं, हे त्याला कळून काय फायदा?’’

‘‘चूक त्याची नाही. माझी आहे. आणि हे फाइलमध्ये तसंच लिहिलं जाईल.’’

‘‘लिहा. पण माणसाशी बोलताना तरी फाइलसारखं बोलू नका.’’

मी नेमकं तसंच बोललो. दुपारी व्हरांड्यात दोघांना बसवलं आणि आधी वस्तुस्थिती, मग कारण, मग उपाय या क्रमाने सुरुवात केली. रेघा चुकीच्या जागी होत्या. पाच दिवसांचे किरण योग्य जागी पडले नाहीत. ते पाच दिवस वाया गेले. इथवर आलो तोच डॉक्टरांनी आत हाक मारली. घशाच्या एका रुग्णाला टेबलावरच उलटी झाली होती. उरलेलं संध्याकाळी सांगू म्हणून मी गेलो. संध्याकाळी खोलीला कडी होती. देवळात गेले असतील, असं वाटलं.

मंगळवारी सकाळी बाई आल्या नाहीत. सिस्टर धर्मशाळेत जाऊन आल्या.

‘‘पहिल्या गाडीनं गावी गेले दोघं. सामान घेऊन.’’

‘‘का?’’

‘‘काल त्या मला विचारत होत्या, उपचार गेला का म्हणून. मी म्हटलं सरांना विचारा.’’ सिस्टरनी टेबलावरच्या पत्रकाकडे बोट केलं. ‘‘तुमच्या कागदावर तसंच आहे न सर.’’

डॉक्टरांना विचारलं, किती दिवस खंड चालेल. ते म्हणाले, दोन-तीन दिवसांनी काही होत नाही, आठवडा गेला तर मग मी सांगू शकत नाही. आधीच तो पट्टा पाच दिवस उपाशी आहे.

बुधवारी पहाटेची एसटी घेऊन मी घाट उतरलो, खामगावला गाडी बदलली आणि दहाच्या सुमारास पिंपळगाव राजाला पोचलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही. पुढे मशीन आणि कापायचं लांब टेबल, मागे एका दाराआड घर. शिंप्याने डोकं भादरलेलं होतं. मला पाहून तो उठला, स्टूल पुढे केलं आणि पुन्हा मशीनवर बसला. मशीन मात्र चालवलं नाही.

‘‘तुम्ही मला पूर्ण बोलू दिलं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘पुरं काय बोलनार? समजलं मले.’’ तो पायाखालच्या पट्टीकडे पाहत होता. ‘‘तीस वर्स झाले साहेब, या गावात माह्या मापाले कोनी नाव नाई ठेवलं. कपड्याचं चुकलं त उसवता येते. हे आता कसं उसवू?’’

समजावण्याची माझी सगळी वाक्यं तयार होती. ती त्याला ऐकवून उपयोग नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मी म्हणालो, ‘‘सदरा काढा.’’

‘‘काऊन?’’

‘‘माप घ्यायचंय.’’

तो उठला, सदरा आणि बंडी काढून समोर उभा राहिला. मी त्याचीच टेप घेतली, गळ्याच्या खळगीपासून काखेकडे मोजलं आणि त्याच्याच निळ्या खडूने कातडीवर खूण केली. ‘‘हे माप बरोबर आहे?’’ त्याने टेप माझ्या हातातून घेतली, आपल्याच अंगावर लावून पाहिली, मान हलवली.

‘‘आता टेबलावर उताणे पडा. डावा हात डोक्यावर.’’

कापडाचे तुकडे बाजूला सारून तो पडला. मी त्याला टेप दिली. उजव्या हाताने त्याने खळगीवर शून्य धरलं आणि मान वाकवून खुणेपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. हात खाली घेतला, वर नेला, खूण सरकताना पाहिली. तसं तीन-चारदा केलं.

‘‘दोन बोटं,’’ तो म्हणाला.

‘‘दोन बोटं.’’

‘‘म्हंजे तुमी निजवून माप घेता.’’

‘‘हो.’’

‘‘मंग कागदावर लिहेलं काऊन नाई?’’

‘‘राहिलं.’’

‘‘हे त आर्धं माप झालं.’’ तो उठून बसला. आवाज बदलला होता. ‘‘आकडा लिहाचा अन् मानूस उभा का आडवा ते लिहाचं नाई. आमच्या धंद्यात असं माप घेनाऱ्याले कोनी टोपी शिवाले देत नाई साहेब.’’

‘‘बरोबर आहे.’’

‘‘एवढे शिकले तुमी, मुंबईले गेले...’’

‘‘हो.’’

तो आणखी बोलला असता आणि मी ऐकून घेतलं असतं. पण मागच्या दारातून बाई म्हणाल्या, ‘‘झालं का तुमचं दोघाइचं मोजनं?’’ त्या केव्हापासून तिथे उभ्या होत्या ते कळलं नाही. ‘‘मले एक सांगा. उपचार गेला का हाये?’’

‘‘आहे. आधीचे राहिलेले दिवस पुरे करायचे, शिवाय त्या खालच्या पट्ट्याला पाच दिवस वेगळे. पण उद्या यायला हवं. उशीर चालणार नाही.’’

‘‘मंग त्या कागदात गेला म्हनून काऊन लिहेलं?’’

‘‘लोकांना भीती वाटावी म्हणून.’’

‘‘वाटली न,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लय वाटली. म्हनून त सांगतलं नाई कोनाले.’’

शिंप्याने सदरा घातला.

‘‘उद्या तेरवी हाये,’’ तो बायकोला म्हणाला. ‘‘वैनी काय म्हनन?’’

‘‘बोलन दोन दिवस. बोलू दे. तुमी राहा तेरवीले, मी जाते या साहेबाइसंगं.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘पन एक हाये. माह्या रेघा सिस्टरबाई पाह्यते. तुमी तिकडं तोंड करून उभे राह्यता. मी रोज पाह्यते तुमची पाठ. मोजता तुमी, त पाह्यलं पायजे तुमी.’’

‘‘तुम्हाला चालेल?’’

‘‘मले काय धाड भरली? पाह्यल्याबिगर कसं समजन तुमाले?’’

शिंपी खडू डब्यात ठेवत होता. त्याने मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

दुपारच्या गाडीने आम्ही निघालो. गाडीत त्या खिडकीशी बसल्या, डावा हात अंगाला न लावता जरा लांब धरून. काखेतली कातडी हुळहुळत होती. घाट चढेपर्यंत त्या एकदाच बोलल्या. माझं लग्न झालं का, हे विचारायला.

गुरुवारी सकाळी डॉक्टर, सिस्टर आणि मी, तिघं आत होतो. बाई उताण्या, हात डोक्यावर. सिस्टरनी चादर बाजूला केली आणि मी पहिल्यांदा ती जागा पाहिली. शस्त्रक्रियेची लांब शिवण, तिच्याभोवती रापलेला काळसर चौकोन, कडा बऱ्यापैकी सरळ. दोन आठवडे मी कागदावर जे गणित केलं ते तिथे उमटलं होतं, आणि त्याच्या वर सरकून बसलेली शिंप्याची चौकट. त्याच्या रेघा सिस्टरच्या रेघांपेक्षा सुबक होत्या, कोपरे काटकोनात. सिस्टरनी त्या स्पिरिटने पुसल्या. मी मोजून सांगितलं, त्यांनी नव्या रेघा काढल्या, मी परत मोजलं. खालच्या पट्ट्यासाठी वेगळी अरुंद चौकट काढली. बाई छताकडे पाहत होत्या. एकदा म्हणाल्या, ‘‘शाई थंड हाये.’’

फाइलमध्ये मी अर्धं पान लिहिलं: काय घडलं, किती दिवस, कोणत्या भागाला किती मिळालं आणि किती नाही, कारण काय. कारणापुढे माझं नाव घातलं. डॉक्टरांनी वाचलं आणि खाली सही केली. उरलेल्या पत्रकांवरची ती ठळक ओळ मी शाईने खोडली आणि चौथ्या पानांवर ‘उताणं निजून, हात डोक्यावर’ असं हाताने लिहिलं. रेघ पुसली तर स्वतः काढू नका, येऊन सांगा, कुणी रागावणार नाही, हेही लिहिलं. शेवटचे शब्द लिहायला मला जड गेलं, कारण मी रागावत असे.

राहिलेले दिवस आणि पट्ट्याचे पाच दिवस, रोज मी रेघा पाहून मगच बाहेर आलो. तेरवीनंतर शिंपी परत आला आणि व्हरांड्यात काज-बटणं करू लागला. पत्रक वाचून दाखवणं त्याने बंद केलं होतं. कुणी विचारलंच तर म्हणे, ‘‘कागद राहू द्या. आत जाऊन मोजनीवाल्याले इचारा.’’

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला आली. डॉक्टरांनी आधी मान पाहिली, मग छाती, आणि शेवटी काखेखालच्या त्या पट्ट्यावर बोटं ठेवली. तिथे ते बराच वेळ चाचपत राहिले, बाईंना हात खाली घ्यायला लावला, वर घ्यायला लावला, पुन्हा चाचपलं. शिंपी दाराशी उभा होता. मी त्याच्या शेजारी.

‘‘हाताला काही लागत नाही,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘म्हंजे बरं झालं?’’ शिंप्याने विचारलं.

‘‘म्हणजे आज काही लागत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या.’’

शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात तेवढंच खरं, त्याहून जास्त मलाही माहीत नाही. त्याने मान हलवली. बाईंनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि खामगावची गाडी गाठायला दोघं निघाली.